परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती शोधताना: दीड वर्ष आधी सुरू करायचे काम

दरवर्षी मार्च-एप्रिलच्या सुमारास काही विद्यार्थी परदेशी विद्यापीठाचे ऑफर लेटर घेऊन माझ्याकडे येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "सर, आता स्कॉलरशिप कोणती मिळेल?" चेहऱ्यावरचा आनंद पाहून खरे उत्तर देणे जिवावर येते. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठीच्या मोठ्या शिष्यवृत्त्यांचे दरवाजे तोवर बहुतेक बंद झालेले असतात. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपचा अर्ज त्याआधीच्या वर्षीच्या मे महिन्यातच संपलेला असतो. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि ऑक्टोबरमध्ये किंवा फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. युरोपातील इरॅस्मस मुंडुस अभ्यासक्रमांची मुदत बहुतांशी ऑक्टोबर ते जानेवारी या काळात येऊन जाते. म्हणजे आधी प्रवेश आणि मग पैसा, हा आपल्याकडे रूढ असलेला क्रम येथे उपयोगी पडत नाही. ज्या सप्टेंबरमध्ये जायचे, त्याच्या दीड वर्ष आधी, म्हणजे आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये, कामाला लागावे लागते. पुढील मांडणी महाराष्ट्रातून पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रथमच बाहेर जाऊ पाहणाऱ्या, घरात याचा कोणालाही अनुभव नसलेल्या विद्यार्थ्याला समोर ठेवून केली आहे.

पहिली पायरी: किती पैसा कमी पडतो ते मांडा

शिष्यवृत्त्यांच्या याद्या वाचायला बसण्याआधी एका कागदावर देशनिहाय खर्च मांडावा, कारण तुटीचे स्वरूप देशागणिक बदलते आणि त्यानुसार शिष्यवृत्तीचा शोधही बदलतो.

जर्मनीचे उदाहरण घेऊ. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त प्रत्येक सत्राला काहीशे युरोंपर्यंत वर्गणी भरावी लागते. अपवाद मात्र आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेतले जातात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून परदेशी विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले आहे. जेथे शुल्क नाही तेथेही राहण्याचा खर्च असतोच, आणि व्हिसासाठी तो आगाऊ दाखवावा लागतो. त्यासाठी सप्टेंबर २०२४ पासून 'ब्लॉक्ड अकाउंट' या विशेष खात्यात महिन्याला ९९२ या हिशेबाने वर्षाचे ११,९०४ युरो भरणे आवश्यक झाले आहे. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करून मिळणारे एपीएस प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. येथे तूट आहे ती राहण्या-जेवण्याच्या पैशाची. गुणवान विद्यार्थ्यांना, मग ते कोणत्याही देशाचे असोत, महिन्याला ३०० युरो देणारे 'डॉइचलँडस्टिपेंडियम' २०११ पासून सुरू आहे. त्याचा अर्ज मात्र बहुतेक ठिकाणी प्रवेश घेतल्यानंतर विद्यापीठातच करायचा असल्याने ब्लॉक्ड अकाउंट भरण्याच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही. पहिल्या वर्षाची तरतूद वेगळी आणि नंतरचा आधार वेगळा, हा फरक तक्त्यात दिसला पाहिजे.

ब्रिटनचे गणित याच्या उलट असते. मास्टर्स एका वर्षात संपते, पण शिक्षण शुल्क भारी असते. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभारही आगाऊ भरावा लागतो, आणि पालकांच्या हिशेबात हा आकडा हमखास राहून गेलेला असतो. अमेरिकेत मास्टर्ससाठी विद्यापीठाकडून पूर्ण निधी मिळणे विरळा, तर पीएचडीला, विशेषतः विज्ञान व अभियांत्रिकीत, शुल्कमाफी आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून मासिक विद्यावेतन मिळणे हाच रिवाज आहे. ज्याचा कल खरोखर संशोधनाकडे आहे आणि ज्याची पदवी चार वर्षांची आहे, त्याने कर्ज काढून मास्टर्स करण्याआधी थेट पीएचडीचा पर्याय तरी तपासून पाहावा. आपल्याकडे हा मार्ग अनेकांना ठाऊकच नसतो.

तक्ता तयार झाला की तळाशी तीन आकडे लिहावेत: घरून किती निघेल, कर्ज किती झेपेल आणि उरलेली तूट किती. शिष्यवृत्ती या तिसऱ्या आकड्यासाठी शोधायची आहे. काहींची तूट पूर्ण शिष्यवृत्तीशिवाय भरून निघत नाही, तर काहींचे काम तीन-चार लहान अनुदानांनी भागते, आणि या दोघांनी एकाच यादीमागे धावण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: देणाऱ्याचा हेतू वाचा

माझ्या मते या संपूर्ण उद्योगात यश कशावर अवलंबून असेल, तर ते या पायरीवर. गुण चांगले असूनही नकार आलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले. त्यांतल्या बहुतेकांनी पैसा कोण देतो आणि कशासाठी देतो, याचा विचार न करता एकच मजकूर सगळीकडे पाठवलेला होता.

कोणतीही शिष्यवृत्ती हेतूशिवाय नसते. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा महिन्याला साडेअकरा पौंड आणि तीन वर्षांची मुदत यांबरोबरच परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारही होता. सयाजीराव महाराजांना आपल्या राज्यासाठी शिकलेली माणसे हवी होती. मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून बाबासाहेबांना १९१७ मध्ये परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीतून साठवलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. मुदत, करार आणि अनेक ठिकाणांहून जुळवलेली रक्कम, हे तिन्ही आजच्या विद्यार्थ्याच्याही वाट्याला येते.

आजचे देणारेही त्याच नजरेने पाहावेत. चिव्हनिंगला उद्याचे नेतृत्व आणि ब्रिटनशी जोडलेला परिचयवर्ग हवा असतो. म्हणून तेथे २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. फुलब्राइट-नेहरू मास्टर्ससाठी किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि ठरवून दिलेल्याच विषयांतील अभ्यासक्रम लागतो. तेथे जे-१ हा शैक्षणिक देवाणघेवाणीसाठीचा व्हिसा मिळतो आणि नंतर अमेरिकेत नोकरीच्या एच-१बी व्हिसावर किंवा कायमच्या वास्तव्यासाठी जायचे असेल, तर आधी दोन वर्षे भारतात राहावे लागते. तेव्हा शिक्षण संपताच परदेशातच नोकरी धरायची, असे ज्याच्या मनात पक्के आहे, त्याने या दोन वाटांनी न जाणेच प्रामाणिकपणाचे ठरेल. तसे ठरवण्यात कमीपणाही नाही. इरॅस्मस मुंडुसचा हेतू वेगळा आहे. विद्यार्थ्याने किमान दोन देशांतील विद्यापीठांत शिकावे, एवढीच त्यांची मुख्य अपेक्षा. कामाचा अनुभव सक्तीचा नसल्याने ताज्या पदवीधरासाठी ही वाट खुली असते. निवड झाल्यास महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळतात आणि अभ्यासक्रमाचे शुल्कही भरावे लागत नाही. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासविषयक मास्टर्स शिष्यवृत्ती मात्र पुन्हा दोन वर्षांच्या अनुभवावर अडते.

आता घरच्या योजनांकडे वळू. अनेकजण परदेशी नावांच्या मागे लागून यांच्याकडे दुर्लक्ष करतात. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी दिली जाते, आणि तीत शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता व विमानभाडे यांचा समावेश असतो. मराठा व कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेमार्फत महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाने अशीच योजना आहे. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभाग, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभाग, अल्पसंख्याकांसाठी अल्पसंख्याक विकास विभाग आणि खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी उच्च व तंत्रशिक्षण विभाग अशा स्वतंत्र खिडक्या आहेत. या योजनांतील उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट यांत शासन निर्णयांनी वारंवार बदल झालेले आहेत. त्यामुळे मागच्या वर्षी निवडल्या गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये, चालू वर्षाची जाहिरात आणि तिच्यात उल्लेखलेला जीआर स्वतः वाचावा.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा ठरलेल्या आहेत. त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, वय ३५ च्या खाली आणि पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण, या मुख्य अटी. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व समाज यांविषयीच्या अभ्यासाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हे मानव्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. गोव्याच्या विद्यार्थ्यांसाठी मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज, हे दोन आधार आहेत.

खासगी संस्थांपैकी जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापन केलेली जे. एन. टाटा एन्डोमेंट सर्वांत जुनी. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीच्या आधाराने. तिची मदत मूलतः कर्ज-शिष्यवृत्तीच्या रूपात असते, म्हणजे ती फेडायची असते. निवड झालेल्यांना प्रवास अनुदान किंवा बक्षीस शिष्यवृत्तीही मिळू शकते. 'परत करावे लागते, मग शिष्यवृत्ती कसली?' असे म्हणून काहीजण नाक मुरडतात, पण बँकेच्या कर्जाशी तुलना केली की त्यांचा सूर बदलतो.

उरतात त्या विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या. त्यांतील पुष्कळशा शुल्कातील सवलती असतात. ब्रिटिश कौन्सिल आणि ब्रिटिश विद्यापीठे मिळून देत असलेल्या ग्रेट शिष्यवृत्तीची किमान १०,००० पौंडांची रक्कमही शुल्काकडेच वळती होते, हाती रोख येत नाही, तरी ती लक्षणीय आहे आणि तिच्यासाठी स्पर्धाही होते. परंतु अर्ज केलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळणारी दोन-तीन हजार पौंडांची 'इंटरनॅशनल एक्सलन्स स्कॉलरशिप' पाहिली की मला दसऱ्याच्या सेलमधल्या साडीवर आधी वाढवून मग खोडलेली किंमत आठवते. एजंट अशा सवलतीचे पत्र मोठ्या थाटात हातावर ठेवतो. त्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळते, यात गैर काही नाही. पण आपण सवलतीची टक्केवारी न पाहता ती वजा जाता उरणारी रक्कम पाहावी आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या मूळ शुल्काशी तिची तुलना करावी.

तिसरी पायरी: कागद

सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत घातक पायरी हीच. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर, पालकांची आयकर विवरणपत्रे, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, विद्यापीठाकडून सीलबंद किंवा ऑनलाइन मिळणारी ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत एकत्रित उतारा), पासपोर्ट आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, एवढे तरी लागतेच. जात वैधतेला आणि ट्रान्सक्रिप्टला किती दिवस लागतील हे आपल्या हाती नसते. म्हणून जाहिरात येण्याची वाट न पाहता हे दोन अर्ज सर्वांत आधी करावेत. उत्पन्नाच्या दाखल्याचे उलटे आहे. त्याला मुदत असते आणि फार लवकर काढलेला दाखला ऐन वेळी कालबाह्य ठरतो.

नावाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव खाली स्वतंत्र. पदवीच्या गुणपत्रिकेवर कधी आईचे नाव शेवटी जोडलेले असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला चिकटलेले. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या तीन कागदांवर तीन क्रम होते आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक 'ए' जास्त होता. इंग्रजीच्या परीक्षेला तिने पासपोर्टप्रमाणे नोंदणी केली, विद्यापीठाच्या अर्जात गुणपत्रिकेप्रमाणे नाव भरले, आणि मग दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे पटवण्यात ऐन मुदतीचे दहा दिवस गेले. पासपोर्टवरचे नाव प्रमाण मानून पुढचा प्रत्येक अर्ज तसाच भरावा. जुन्या कागदांवर केवळ क्रमाचा फरक असेल तर नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र बहुधा पुरते, परंतु नावच बदललेले असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घ्यावी लागते, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना हे हमखास करावे लागते.

चौथी पायरी: शिफारसपत्रे आणि निबंध

शिफारसपत्र हे प्राध्यापकांनी लेटरहेडवर सही करून द्यायचे पत्र, अशी आपली समजूत असते. आता बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याने अर्जात शिक्षकाचा ईमेल भरला की शिक्षकाला थेट एक दुवा जातो आणि पत्र त्यांनीच तेथे चढवायचे असते. हा ईमेल महाविद्यालयाच्या नावाचा असला तर बरे, कारण साधा जीमेलचा पत्ता काही ठिकाणी चालत नाही. तो दुवा नको असलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जाऊन पडणे ही नित्याची बाब आहे. सरांना दोनदा आठवण करण्याचा संकोच वाटतो, आणि तेवढ्यात मुदत उलटते. आपण कोणता अभ्यासक्रम निवडला, त्यांच्या हाताखाली कोणता प्रकल्प केला, त्यात नेमके काय केले, याचे एक पानभर टिपण मुदतीच्या महिनाभर आधी त्यांना द्यावे. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असे उत्तर आले तरी लिहून न देता हेच टिपण पुढे करावे. सगळ्या पत्रांची भाषा एकसारखी निघाली की परीक्षकांच्या लगेच लक्षात येते.

निबंधाविषयी एकच उदाहरण देतो. जलव्यवस्थापन शिकू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात, आपल्याला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे आणि पाणी हे जीवन आहे, अशी होती. बोलता बोलता कळले की पदवीनंतर दोन वर्षे तो दुष्काळी तालुक्यात एका पाणलोट प्रकल्पावर काम करत होता आणि उन्हाळ्यात कोणत्या वाडीवर टँकरच्या किती फेऱ्या झाल्या, याची वही त्याने स्वतःहून ठेवली होती. त्या वहीत त्याला आढळले होते की जेथे विहीर पुनर्भरण झाले त्या दोन वाड्यांचे टँकर उशिरा सुरू होत होते, पण तिसऱ्या वाडीत तेच काम होऊनही फरक पडत नव्हता. तिसऱ्या वाडीत असे का झाले, हे त्याला समजत नव्हते, आणि भूजलाचे प्रतिमान (मॉडेल) मांडायला शिकायचे होते ते त्यासाठीच. आम्ही पहिला परिच्छेद संपूर्ण काढून टाकला आणि निबंध त्या वहीपासून सुरू केला. शिकायचे काय, तेथेच का आणि परतल्यावर कोठे काम करणार, हे तिन्ही मुद्दे मग ओघानेच आले. अशी वही प्रत्येकाकडे नसते हे खरे, पण पदवीच्या प्रकल्पात न सुटलेला एखादा प्रश्न तरी असतोच.

अर्ज करताना

चिव्हनिंगला तीन अभ्यासक्रम निवडावे लागतात आणि विद्यापीठांकडे स्वतंत्र अर्जही करावे लागतात. निवड झाली तरी जुलैपर्यंत विनाअट प्रवेशपत्र हाती नसेल तर शिष्यवृत्ती जाते. राज्य शासनाच्या योजनांतही अनकंडिशनल ऑफर लेटर मागितले जाते, म्हणून इंग्रजीचा निकाल किंवा अंतिम सत्राची गुणपत्रिका 'नंतर देऊ' म्हणून लांबणीवर टाकू नये. शासकीय योजनांच्या जाहिराती अनेकदा उन्हाळ्यात निघतात आणि निवड यादी येईपर्यंत सत्र तोंडावर आलेले असते. म्हणून विद्यापीठाला लिहून प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवता येतो का, हे आधीच विचारून घ्यावे, आणि शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्रही समांतर मिळवून ठेवावे. मंजूर कर्ज उचललेच पाहिजे असे नाही.

एक शिष्यवृत्ती घेत असताना दुसरी चालते का, हे प्रत्येक ठिकाणी वाचावे. पूर्ण खर्च देणाऱ्या योजना बहुधा दुसरी मोठी शिष्यवृत्ती चालवून घेत नाहीत, आणि लपवल्यास वसुली होते. तसेच नाममात्र अर्जशुल्क सोडले तर निवड झाल्यावर 'प्रोसेसिंग' म्हणून मोठी रक्कम मागणारा कोणताही फोन खरा नसतो, मग बोलणारा कितीही सफाईदार इंग्रजी बोलो.

निवड झाल्यानंतर

निवडीच्या पत्राबरोबर करारनामा येतो. शासकीय योजनांत मुद्रांक कागदावर हमी आणि जामीनदार द्यावे लागतात. अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास किती रक्कम परत करायची, अभ्यासक्रम किंवा विद्यापीठ बदलायला कोणाची परवानगी लागते आणि मुदतवाढीचा खर्च कोण उचलणार, ही तीन कलमे जामीनदाराला शेजारी बसवून वाचावीत. नातेवाईक भिडेखातर सही करतात आणि कलमे वाचत नाहीत.

पहिला हप्ता कधी जमा होतो, हेही विचारून घ्यावे. अनेक योजनांत तेथे पोहोचून नोंदणीचा दाखला पाठवल्यावर आणि बँक खाते उघडल्यावरच पैसे सुटतात, आणि परदेशात खाते उघडायला राहण्याचा पत्ता लागतो. तोवर खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, बसचा पास आणि थंडीचा एक कोट यांचा खर्च स्वतःच्या खिशातून होतो. दोन ते तीन महिन्यांच्या राहण्या-जेवण्याइतकी रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन भरलेल्या कार्डावर, वेगळी ठेवावी, आणि ती पहिल्या पायरीवरच्या तक्त्यात आधीच एका ओळीत लिहिलेली असावी.